‘द डॉटर ऑफ टाइम’ : एका ऐतिहासिक रहस्यकादंबरीचे पुनर्मूल्यमापन

१

काही साहित्यकृतींचे मूल्यमापन त्यांच्या कीर्तीमुळेच अवघड होऊन बसते. जोसेफिन टे ह्यांची ‘द डॉटर ऑफ टाइम’ (१९५१) ही इंग्रजी कादंबरी अशा कृतींपैकी एक होय. ब्रिटनमधील रहस्यकथालेखकांच्या संघटनेने १९९० मध्ये सर्व काळांतील उत्कृष्ट शंभर रहस्यकादंबऱ्यांची यादी सिद्ध केली, तेव्हा तीत पहिले स्थान ह्या कादंबरीला मिळाले. अमेरिकेतील समानधर्मी संघटनेने १९९५ मध्ये केलेल्या यादीत ती चौथी आली. रहस्यकथेच्या वाचकांची मान्यता एवढ्यावर थांबली असती, तर विद्यापीठीय अभ्यासकाने तिची विशेष दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु इतिहासाच्या अध्यापकांनीही ह्या कादंबरीचा पुरस्कार केलेला आहे. परंपरेने चालत आलेले विधान कसे तपासावे, साक्षीदाराचा हितसंबंध कसा ओळखावा, प्रवाद आणि पुरावा ह्यांतील अंतर कसे मोजावे, ह्याचा सुबोध पाठ म्हणून ती विद्यार्थ्यांच्या हाती दिली जाते.

एवढ्या मोठ्या अपेक्षेने ही कादंबरी वाचणाऱ्याच्या पदरी अखेरीस काहीसा अपेक्षाभंग येतो. हा अपेक्षाभंग कशाचा आहे, हे आरंभीच स्पष्ट करावयास हवे. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड ह्याची बाजू लेखिकेने घेतली, ही तक्रार नव्हे. बदनाम झालेल्या राजाची फेरतपासणी करणे हे इतिहासाचे नित्याचे कर्तव्य आहे, आणि महाराष्ट्रातील वाचकाला तर त्याचे मोल वेगळे सांगावयास नको. तक्रार अशी आहे की, ज्या तपासाच्या नावाने कादंबरी वाचकाचा विश्वास संपादन करते, तो तपास ती पुरता करीत नाही; आणि ज्या माणसाला ती न्याय मिळवून देऊ पाहते, तो माणूसही तिच्या पानांत दिसत नाही. प्रस्तुत लेखात ह्या दोन उणिवांचा आणि त्यांच्या परस्परसंबंधाचा विचार करावयाचा आहे.

२

कथानकाची मांडणी साधी आहे. स्कॉटलंड यार्डचा अधिकारी अॅलन ग्रँट हा एका गुन्हेगाराचा पाठलाग करीत असता पडून पाय मोडून घेतो आणि रुग्णालयात उताणा पडून राहतो. त्याचा कंटाळा घालविण्यासाठी मार्टा हॅलार्ड ही अभिनेत्री मैत्रीण त्याला जुन्या ऐतिहासिक व्यक्तींच्या चित्रांच्या प्रती आणून देते. चेहऱ्यावरून माणूस पारखण्याचा ग्रँटला अभिमान आहे. एका चेहऱ्यात त्याला सोसलेले दुःख आणि न्यायाधीशाला शोभणारी सदसद्विवेकबुद्धी दिसते. आणि तो चेहरा पुतण्यांचा खुनी म्हणून कुप्रसिद्ध असलेल्या तिसऱ्या रिचर्डचा आहे, हे कळताच तो चकित होतो. ह्या विस्मयातून तपास सुरू होतो. शाळेतील क्रमिक पुस्तके, इतिहासकारांचे ग्रंथ, सर टॉमस मोअरने लिहिलेले रिचर्डचे चरित्र ह्यांचे वाचन ग्रँट करतो, आणि ब्रेंट कॅराडाइन हा तरुण अमेरिकन अभ्यासक त्याच्यासाठी ग्रंथालयांतून कागद धुंडाळतो.

मूळ ऐतिहासिक घटना मराठी वाचकाच्या चटकन ध्यानी येण्याजोगी आहे. चौथा एडवर्ड १४८३ च्या एप्रिलमध्ये मरण पावला, तेव्हा त्याचे पुत्र बारा आणि नऊ वर्षांचे होते. त्यांचा चुलता रिचर्ड हा राज्यरक्षक झाला. मुलांच्या औरसपणाविषयी आक्षेप निघाला, आणि ६ जुलै १४८३ रोजी रिचर्डला राज्याभिषेक झाला. लंडनच्या टॉवरमध्ये ठेवलेली ती मुले त्यानंतर हळूहळू लोकांच्या दृष्टीआड झाली. २२ ऑगस्ट १४८५ रोजी बॉस्वर्थच्या लढाईत रिचर्ड पडला आणि सातव्या हेन्रीपासून ट्यूडर घराण्याचे राज्य सुरू झाले. चुलता, अल्पवयीन पुतण्या आणि गादी हे त्रिकूट पाहताच शनिवारवाड्यात ३० ऑगस्ट १७७३ रोजी झालेला नारायणराव पेशव्यांचा खून आठवावा, हे स्वाभाविक आहे. पण तेथे खून उघड झाला होता, आणि त्याची चौकशी करून रघुनाथरावांना दोषी ठरविणारे रामशास्त्री त्याच काळात हयात होते. लंडनला प्रेतेही मिळाली नाहीत आणि रामशास्त्रीही लाभले नाहीत. म्हणूनच हे प्रकरण पाच शतके रहस्य म्हणून टिकले.

ग्रँटचा निष्कर्ष असा : मुले रिचर्डच्या कारकीर्दीत जिवंत होती, त्यांचा खून सातव्या हेन्रीने १४८६ मध्ये सर जेम्स टायरेलकरवी करविला, आणि रिचर्डवरील आरोप हा जॉन मॉर्टन ह्या हेन्रीच्या पक्षपाती धर्माधिकाऱ्याने रचला व त्याच्या घरी वाढलेल्या मोअरने पुढे चालविला.

३

कादंबरीचे गुण प्रथम मान्य केले पाहिजेत, कारण ते खोटे नाहीत. मोअरचे चरित्र प्रत्यक्षदर्शीचे मानण्याची रूढी होती. ग्रँट साधे गणित करून दाखवितो की, रिचर्ड गादीवर आला तेव्हा मोअर जेमतेम पाच वर्षांचा होता. जो ग्रंथ समकालीन समजला जात होता, तो ऐकीव ठरतो. आणि ऐकविणारा मनुष्य रिचर्डचा शत्रू असल्याचे कळते. साधनाचे वय, साधनकर्त्याचे स्थान आणि त्याचा हितसंबंध ह्या तीन कसोट्या एवढ्या सहजतेने सर्वसामान्य वाचकाच्या अंगवळणी पाडणारी दुसरी कादंबरी क्वचितच सापडेल. हेन्रीने गादीवर येताच रिचर्डच्या हक्काचा कायदा संसदेत न वाचता रद्द करविला आणि त्याच्या प्रती नष्ट करण्याची आज्ञा दिली, ह्या प्रसिद्ध घटनेचा कादंबरीत केलेला उपयोगही मार्मिक आहे. हेन्रीने ज्या राजकन्येशी विवाह केला, तिचा औरसपणा मान्य केला की तिच्या भावांचाही गादीवरील हक्क जिवंत होतो, हा पेच लेखिकेने नेमका पकडला आहे.

खाटेवर खिळलेला शोधक हीदेखील चांगली कल्पना आहे. पायाने धावणाऱ्या पोलिसाला कागदातून धावावयास लावून लेखिकेने संशोधनाचा आनंद कथेच्या रूपाने प्रकट केला आहे. एक संदर्भ दुसऱ्याकडे नेतो, एक तारीख तिसरीला छेद देते, आणि वाचकाला पुढचे पान उलटावेसे वाटते. कादंबरीला लाभलेल्या कीर्तीचे रहस्य ह्या आनंदात आहे. मात्र वाचन संपल्यावर तोच आनंद काही प्रश्न निर्माण करतो.

४

पहिला प्रश्न चित्राचा. सर्व तपासाचा आरंभ ज्या चेहऱ्यातून होतो, ते लंडनच्या राष्ट्रीय व्यक्तिचित्रसंग्रहातील चित्र सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे. म्हणजे ते रंगविणाऱ्याने रिचर्डला पाहिले असण्याचा संभवच नाही. एखाद्या पूर्वीच्या चित्रावरून ते उतरविले असेल; तथापि शंभर वर्षांनंतरच्या प्रतीतील डोळ्यांच्या कडांवरून मूळ पुरुषाची सदसद्विवेकबुद्धी वाचणे हा पुरावा नव्हे. कादंबरीत रुग्णालयातील प्रत्येक जण ह्या चित्राचे निदान करतो : शल्यवैद्याला त्यात बालपणीच्या पोलिओची छाया दिसते, तर सार्जंट विल्यम्सला न्यायासनावर बसविण्याजोगा पुरुष दिसतो. ह्या भिन्न निदानांतून चेहरा हे बेभरवशाचे साधन आहे, असा निष्कर्ष निघावयास हवा होता. ग्रँट मात्र आपल्या पहिल्या प्रतीतीला अखेरपर्यंत चिकटून राहतो आणि पुढील सर्व कागद तिच्या समर्थनासाठी गोळा होतात.

येथे महाराष्ट्रातील एका प्रसंगाची आठवण उद्बोधक ठरते. शिवाजी महाराजांचे म्हणून एका भलत्याच व्यक्तीचे चित्र दीर्घकाळ प्रचलित होते. त्या चेहऱ्यातही भाविकांनी महाराजांचे सारे गुण पाहिले असतील. वा. सी. बेंद्रे ह्यांनी १९३३ मध्ये डच साधनातील चित्र प्रकाशात आणले, तेव्हा त्यांनी प्रथम चेहरा वाचला नाही. चित्र कोठून आले, कोणाच्या संग्रहात होते आणि त्याला समकालीनतेचा आधार काय, हे पाहिले. चित्राचा इतिहास आधी सिद्ध व्हावा आणि मगच त्यावरून अनुमान करावे, हा क्रम ग्रँटने उलटा केला आहे.

दुसरा प्रश्न वगळलेल्या साक्षीचा. डॉमिनिक मँचिनी हा इटालियन गृहस्थ १४८३ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये होता आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्याने आपला लॅटिन वृत्तांत पुरा केला. लील येथील ग्रंथालयात १९३४ मध्ये सापडलेले हे हस्तलिखित १९३६ मध्ये प्रसिद्ध झाले. लहानग्या राजाचे नाव निघताच लोकांच्या डोळ्यांत पाणी येत असे व त्याचा घात झाला असावा अशी शंका त्याच दिवसांत व्यक्त होत होती, अशी नोंद मँचिनीने केली आहे. मात्र त्या शंकेत कितपत तथ्य आहे, हे आपणास निश्चित कळले नाही, असेही तो प्रामाणिकपणे सांगतो. ट्यूडर राजवट तेव्हा जन्मालाही आली नव्हती. संशय मूळचा मॉर्टनच्या प्रचारातून निघाला, ह्या कादंबरीच्या सिद्धान्ताला ही साक्ष सरळ छेद देते. मँचिनी परका होता, तो फ्रान्समध्ये बसून लिहीत होता, त्याला इंग्रजी कितपत येत होते ह्याविषयी शंका आहे. असे आक्षेप घेऊन त्याची साक्ष दुबळी करता आली असती. परंतु कादंबरी लिहिली जाण्यापूर्वी पंधरा वर्षे छापून उपलब्ध असलेला हा वृत्तांत कॅराडाइनच्या हाती येतच नाही. क्रॉयलंडच्या मठातील बखरवजा वृत्तांतात अशीच अफवा नोंदलेली आढळते, तेव्हा ती मॉर्टननेच तेथे पेरली असावी, असे म्हणून ग्रँट मोकळा होतो. प्रतिकूल साक्ष निघाली की तिच्यामागे मॉर्टन आहे असे धरून चालणे, ह्याला पुराव्याची छाननी म्हणता येणार नाही.

तिसरा प्रश्न मौनावरून काढलेल्या अनुमानाचा. बॉस्वर्थनंतर हेन्रीने संसदेत रिचर्डविरुद्ध जो ठराव संमत करविला, त्यात राजपुत्रांच्या खुनाचा आरोप नाही, ह्या गोष्टीवर ग्रँटचा मोठा भर आहे. मुलांची नावे त्या ठरावात नाहीत हे खरे. परंतु त्यातील दोषांच्या यादीत बालकांचे रक्त सांडल्याचा उल्लेख आहे. तो मोघम आहे, त्याचा अर्थ काय लावावा ह्याविषयी दुमत होईल. तथापि ज्या कागदाच्या मौनावर निकाल उभारावयाचा, तो कागद पूर्णपणे मुका नाही, एवढे वाचकाला कळावयास हवे होते.

चौथे उदाहरण कादंबरीच्याच एका आवडत्या संज्ञेचे आहे. प्रत्यक्षात न घडलेली, पण सर्वांनी खरी मानलेली ऐतिहासिक दंतकथा ह्या अर्थी ग्रँट ‘टोनीपँडी’ हा शब्द योजतो. वेल्समधील टोनीपँडी ह्या गावी १९१० मध्ये संपकरी खाणकामगारांवर सैन्याने गोळ्या झाडल्या, ही समजूत खोटी असून प्रत्यक्षात तेथे केवळ निःशस्त्र पोलीस गेले व किरकोळ झटापट झाली, असे त्याचे म्हणणे. गोळीबार झाला नाही, हे बरोबर आहे. परंतु त्या खोऱ्यात सैन्य पाठविण्यात आले होते, अनेक लोक जखमी झाले आणि डोक्याला झालेल्या इजेने एका कामगाराचा मृत्यूही झाला. म्हणजे दंतकथेचे खंडन करताना लेखिकेने दुसरी, अधिक सोयीस्कर कथा उभी केली. खंडन करणाऱ्याच्या ठायी आपोआप सत्य येत नाही, ह्याचे हे नमुनेदार उदाहरण आहे.

५

कादंबरीकाराला निवड करण्याचे स्वातंत्र्य असते, असे उत्तर ह्यावर दिले जाईल. ते सामान्य कादंबरीपुरते ग्राह्य आहे. परंतु रहस्यकादंबरी वाचकाशी एक अलिखित करार करते : शोधकाला जे धागे मिळतील ते वाचकालाही मिळतील, आणि निष्कर्ष त्याच धाग्यांतून निघेल. ऐतिहासिक रहस्यकादंबरीवर ह्या कराराचे बंधन दुप्पट असते, कारण येथील धागे लेखकाच्या कल्पनेतील नसून अभिलेखागारांत अस्तित्वात आहेत. काल्पनिक खुनाच्या कथेत लेखकाने एखादा साक्षीदार निर्माण केला नाही, तर तो अस्तित्वातच नसतो. येथे मँचिनी अस्तित्वात होता. त्याला वगळणे म्हणजे एका पक्षाची कैफियत ऐकवून तिलाच निवाडा म्हणणे होय.

निवाडा ऐकविताना विरुद्ध बाजूचा वकीलही कादंबरीत उभा राहत नाही. ग्रँटसमोर येणारे बहुतेक पारंपरिक इतिहासकार एक तर शालेय पुस्तकांचे लेखक आहेत, अथवा लेखिकेने कल्पिलेले आणि म्हणून सहज पराभूत होणारे पंडित आहेत. वस्तुतः ह्या वादाला मोठी परंपरा होती. होरेस वॉल्पोलने १७६८ मध्ये रिचर्डवरील आरोपांविषयी शंका मांडल्या होत्या. क्लेमेंट्स मार्कहॅमने १८९१ मध्ये आणि पुढे १९०६ च्या आपल्या ग्रंथात हेन्रीलाच दोषी ठरविले होते. टायरेलला १४८६ च्या जून आणि जुलैमध्ये लागोपाठ मिळालेल्या दोन माफीपत्रांच्या दरम्यान खून झाला असावा, हा कादंबरीतील निर्णायक वाटणारा मुद्दाही मार्कहॅमचाच. जेम्स गेअर्डनरने १८९१ मध्येच त्याला उत्तर दिले होते. आपला शोध नवा नाही, हे कॅराडाइनला शेवटी कळते आणि तो खचतो. ही कबुली कादंबरीत आहे, ही प्रामाणिकपणाची गोष्ट खरी. पण ती येते वाचकाने स्वतंत्र शोधाचा सर्व आनंद भोगल्यानंतर. मार्कहॅमच्या प्रबंधाचे नाट्यीकरण वाचीत आहोत, हे आधी कळते, तर वाचकाने गेअर्डनरच्या उत्तराचीही मागणी केली असती.

हेन्रीविषयीचा पुरावा रिचर्डविरुद्धच्या पुराव्याहून बळकट आहे, असेही दिसत नाही. पुढे १४९० नंतर पर्किन वॉरबेक नावाचा तोतया ‘मी धाकटा राजपुत्र’ म्हणून उभा राहिला, तेव्हा हेन्रीने अनेक वर्षे त्याचा माग काढण्यात शक्ती वेचली. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या तोतयाने पेशवाईला जसे हैराण केले, तसाच हा प्रकार होता. मुलांचे काय झाले हे हेन्रीला निश्चित ठाऊक नसावे, असे अनुमान ह्यावरून काही अभ्यासक काढतात. तेही अनुमानच आहे. परंतु रिचर्डच्या बाबतीत संशयाचा फायदा आरोपीला देणारा ग्रँट, हेन्रीच्या बाबतीत तो देत नाही. एका राजावरील काजळी पुसून ती दुसऱ्याच्या तोंडाला फासली, एवढेच घडते.

कादंबरीचे शीर्षक सत्य ही काळाची कन्या आहे, ह्या जुन्या म्हणीवरून घेतलेले आहे. कादंबरीनंतरच्या काळाने काय दिले, हे पाहणे म्हणूनच न्याय्य ठरेल. लेस्टर येथे २०१२ मध्ये एका वाहनतळाखाली रिचर्डचा सांगाडा सापडला, आणि २०१५ मध्ये त्याचे तेथील कॅथीड्रलमध्ये पुन्हा दफन झाले. वाळलेल्या हाताची कथा खोटी ठरली. मात्र पाठीचा कणा वाकडा होता आणि त्यामुळे एक खांदा वर दिसत असावा, हेही सिद्ध झाले. म्हणजे शत्रूंनी अतिशयोक्ती केली होती, पण ती निराधार नव्हती. पुढे २०२१ मध्ये मोअरच्या वृत्तांताविषयी असे मांडण्यात आले की, त्याने खुनी म्हणून नाव घेतलेल्या माइल्स फॉरेस्टचे पुत्र राजदरबारात वावरत होते आणि मोअरला त्यांच्याकडून माहिती मिळणे शक्य होते. उलट दिशेने, राजपुत्र वाचले होते असे प्रतिपादनही २०२३ मध्ये पुढे आले. काळ सत्याला जन्म देतो तो असा, तुकड्यातुकड्यांनी, आणि दोन्ही पक्षांना थोडे नमवून. ग्रँटच्या खाटेशेजारी मात्र काही आठवड्यांतच सर्व निःशंक होते.

६

ह्या कादंबरीच्या संदर्भात छत्रपती संभाजी महाराजांच्या चरित्रलेखनाचा इतिहास आठवणे अपरिहार्य आहे, कारण दोन्ही प्रकरणांची बाह्य रेषा विलक्षण सारखी आहे. मल्हार रामराव चिटणीसांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लिहिली गेली. बखरकाराचे पूर्वज बाळाजी आवजी ह्यांना संभाजी महाराजांनी १६८१ मध्ये कटाच्या आरोपावरून देहान्त शासन दिले होते. साधनाचे वय आणि साधनकर्त्याचा कौटुंबिक सल ह्या दोन्ही बाबतींत चिटणीस बखरीचे स्थान मॉर्टन-मोअर परंपरेसारखे आहे. ह्या बखरीच्या आधारावर व्यसनी, उतावळा आणि नाकर्ता संभाजी इतिहासात, आणि इतिहासातून नाटक-कादंबऱ्यांत रूढ झाला.

साम्य येथे संपते. वा. सी. बेंद्रे ह्यांचे ‘छत्रपती संभाजी महाराज’ हे चरित्र १९६० मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याच्यामागे अनेक वर्षांचे साधनसंकलन होते, डॉ. कमल गोखले ह्यांच्या ‘शिवपुत्र संभाजी’ (१९७१) ने ते कार्य पुढे नेले. ह्या संशोधनाने बखरकाराचा हितसंबंध दाखविला, पण तेवढ्यावर निकाल दिला नाही. १६८० चे संस्कृत दानपत्र, आज्ञापत्रे, इंग्रज वखारींचा व पोर्तुगीजांचा पत्रव्यवहार, मोगल तवारिखा ही परस्परांशी संबंध नसलेली आणि पुष्कळदा शत्रुपक्षाची साधने एकत्र आणली. १६८३ मध्ये फोंड्यावर चालून आलेल्या पोर्तुगीज विसरेईला माघार घ्यावी लागली, ही गोष्ट पोर्तुगीजांच्याच कागदांतून सिद्ध होते. ती मान्य करण्यासाठी कोणाचा चेहरा वाचावा लागत नाही.

ह्याहून महत्त्वाचे म्हणजे, अडचणीचा पुरावा ह्या संशोधनाला टाळता आला नाही. संभाजीराजे १६७८ च्या डिसेंबरात दिलेरखानाकडे गेले आणि वर्षभराने पन्हाळ्यास परतले, ही घटना कोणत्याही चरित्रकाराला वगळता येत नाही. पन्हाळगड कोल्हापूरच्या दृष्टिपथात आहे. त्या गडावर झालेली पितापुत्रांची भेट हा येथील अभ्यासकाला केवळ ग्रंथातील प्रसंग नव्हे. १६८१ मधील देहान्त शासनेही तशीच. ती झालीच नाहीत, असे म्हणून भागत नाही. ती कोणत्या परिस्थितीत झाली, कटाचा पुरावा काय होता, आणि बाळाजी आवजींचे पुत्र खंडो बल्लाळ हे पुढे स्वराज्याशी एकनिष्ठ कसे राहिले, हे सर्व एकाच चित्रात बसवावे लागते. संशोधकाने आपल्या नायकाच्या विरुद्ध जाणारा कागद प्रथम मांडावा आणि मग त्याचा अर्थ लावावा, ही ती शिस्त आहे. कोल्हापूर गादीच्या संस्थापिका ताराबाईंच्या काळाचे कागद डॉ. आप्पासाहेब पवार ह्यांनी शिवाजी विद्यापीठातर्फे ‘ताराबाईकालीन कागदपत्रे’ ह्या खंडांतून प्रसिद्ध केले, त्यामागेही हीच दृष्टी होती : मूळ कागद सर्वांसमोर यावेत, निकाल ज्याचा त्याने काढावा.

‘द डॉटर ऑफ टाइम’ ही संशोधनपद्धतीचा पाठ म्हणून देण्यास प्रत्यवाय कोणता, हे ह्या तुलनेवरून कळते. ती शंका घ्यावयास शिकविते. पण स्वतःच्या शंकेवर शंका घ्यावयास शिकवीत नाही.

७

आता साहित्यकृती म्हणून ह्या कादंबरीचा विचार करावयाचा. एलिझाबेथ मॅकिंटॉश (१८९६–१९५२) हे लेखिकेचे खरे नाव. ‘गॉर्डन डेव्हिअट’ ह्या दुसऱ्या टोपणनावाने तिने नाटके लिहिली, आणि दुसऱ्या रिचर्डच्या जीवनावरील ‘रिचर्ड ऑफ बोर्डो’ (१९३२) हे तिचे नाटक रंगभूमीवर गाजले. राजाच्या अंतरंगात शिरण्याचे सामर्थ्य तिच्या ठायी होते, असा ह्याचा अर्थ. म्हणूनच येथील तिसऱ्या रिचर्डचे निर्जीवपण अधिक खटकते. तो सद्गुणी होता, बंधूशी एकनिष्ठ होता, न्यायी शासक होता, असे वाचकाला वारंवार सांगितले जाते. परंतु सर्व आरोप दूर झाल्यावर जो उरतो, तो केवळ निर्दोष आहे. आणि निर्दोषत्व हे काही व्यक्तिमत्त्व नव्हे. गादीवर बसण्याचा निर्णय घेतला त्या रात्री ह्या मनुष्याच्या मनात काय चालले असेल, दोन लहान पुतण्यांचा हक्क नाकारताना त्याला काय वाटले असेल, हा कादंबरीकाराचा खरा प्रश्न होता. खून कोणी केला, ह्या प्रश्नाने त्याची जागा घेतली आणि रिचर्ड कोण होता, हे विचारावयाचे राहून गेले.

शेक्सपिअरचा रिचर्ड ऐतिहासिक दृष्ट्या अन्यायकारक आहे, पण तो जिवंत आहे. राम गणेश गडकरी ह्यांच्या ‘राजसंन्यास’ ह्या अपूर्ण नाटकातील संभाजीविषयी हेच म्हणता येईल : बखरीच्या आधाराने केलेले ते चित्रण आज इतिहासाला मान्य होणार नाही, पण त्यातील नाट्य निष्प्राण नाही. असत्य जर कलेच्या बळावर एवढे दीर्घकाळ टिकते, तर त्याला उत्तर देणारे सत्यही तितक्याच सजीव कलारूपाने यावयास हवे. ते तसे आले नाही म्हणजे वाद ग्रंथांतून रस्त्यावर येतो. २०१७ च्या जानेवारीत पुण्याच्या संभाजी उद्यानातील गडकऱ्यांचा अर्धपुतळा उखडून टाकण्यात आला, तेव्हा ह्याचीच प्रतीति आली. नाटककाराची साधने चुकीची होती, हे संशोधनाने अर्धशतकापूर्वीच दाखविले होते. पुतळा उखडल्याने त्या ज्ञानात काहीच भर पडली नाही. एका आरोपीची मुक्तता म्हणजे दुसऱ्या कोणाला तरी शिक्षा, ही समजूत इतिहासातून वाङ्मयात आणि वाङ्मयातून समाजात कशी उतरते, हे अभ्यासकाने नीट लक्षात घेतले पाहिजे. ग्रँटची पद्धत नेमकी ह्या समजुतीला खतपाणी घालते.

अशा स्थितीत ह्या कादंबरीचे स्थान कोणते? रहस्यकथेच्या तंत्रात तिने घडविलेला बदल महत्त्वाचा आहे, आणि रिचर्डविषयीची सामान्य वाचकाची जिज्ञासा जागविण्याचे श्रेयही तिला द्यावयास हवे. पदव्युत्तर वर्गात ती जरूर वाचावी. परंतु मँचिनीचा वृत्तांत, १४८५ चा ठराव आणि गेअर्डनरचे उत्तर ह्यांच्यासह वाचावी, आणि ग्रँटने कोणता कागद कोठे बाजूला ठेवला, ह्याचा शोध विद्यार्थ्याने घ्यावा. त्या रीतीने वाचली असता, ज्या पाठासाठी तिची ख्याती आहे तो पाठ ती खरोखर देऊ शकेल, जरी तो लेखिकेला अभिप्रेत नसलेल्या वाटेने मिळाला तरी.

मराठी ऐतिहासिक कादंबरीपुढे ह्यातून एक काम उभे राहते. संभाजी महाराजांवरील आरोपांचे निरसन संशोधकांनी बऱ्याच अंशी केलेले आहे. पन्हाळ्यावर परतलेल्या त्या बावीस वर्षांच्या युवराजाचे मन उलगडून दाखविणे हे मात्र संशोधकाचे काम नव्हे, कादंबरीकाराचे आहे. तेथे निर्दोष अथवा दोषी असा निकाल देऊन थांबता येणार नाही.